परत फिरवणे

बीटाच्या ढिगावर रात्रीची पाळी संपवून
सकाळी आठला आले.
बुटांना रेड नदीच्या खोऱ्यातली काळी माती, पायागणिक किलोभर.
कॅम्पच्या मालकाने खांबावर पुठ्ठा बांधलेला:
दहिवर गोठलं. होज काढा. आजपासून नळ बंद.

असू दे. माझी टाकी भरलेली होती.
सिंकवरचं पंपाचं बटण दाबलं,
ऑगस्टपासून कधी गरजच न पडलेलं.
लाल दिवा लागला.
सीटखाली कोणीतरी घसा खाकरू लागलं
आणि खाकरतच राहिलं.
नळातून एक उसासा आला.
मग तोही नाही.

शेजारच्या ट्रेलरमधून डेलविन आला, हातात कॉफी.
"गेला पंप. नवा घे. दीडशे डॉलर."
डेलविनच्या लेखी सगळंच गेलेलं असतं:
त्याचा गुडघा, मायनॉटमधली नोकरी, साखरेचा भाव.
मी म्हटलं, गेलेला असा आवाज करत नाही.
हा चालतोय. याला प्यायला मिळत नाहीये.

गुडघ्यांवर बसले. सीट उचलली.
जाळीचं भांडं फिरवून काढलं:
निळ्या प्लास्टिकचा कीस, एक वाळलेला किडा,
एवढ्याने कोणाचा श्वास अडत नाही.
बाटलीतल्या पाण्याने धुतलं,
रबरी कड्याला ओठांचं मलम लावलं,
नट आवळले, हाताने, मग पकडीने.
पुन्हा बटण.
पुन्हा तीच कोरडी बडबड.

तेव्हा टॉर्च कलंडला
आणि सीटच्या फळीच्या आतल्या बाजूला
पेन्सिल दिसली. बारीक, उभं अक्षर.

*मे २००८. नवा पंप बसवला. जुना उगाच टाकला, दोष जाळीत होता.*
*जुलै २०११. मर्ना म्हणते रात्री आपोआप सुरू होतो. ऐकला. होतो.*
*२०१३. शॉवरची नळी बदलली. तरी होतो. सवय झाली.*
*ऑक्टोबर २०१९. गुलाबीकडे फिरवला. वसंतात परत फिरवणे.*

त्याखाली नुसतं लाकूड.

हा ट्रेलर मला जेम्सटाउनमध्ये एका पोरीने विकला.
चाव्या पाकिटात घालून दिल्या, म्हणाली, मामाचा होता.
होता, म्हणजे ट्रेलर की मामा,
मी विचारलं नाही. भाव ठरत आला होता.

पंपाच्या मागे, हात जेमतेम पोचतो तिथे
अंगठ्याएवढी चावी होती,
तिचा कान टाकीकडे नव्हता,
हातभर लांबीच्या एका मोकळ्या नळीकडे होता.
नळीच्या तोंडाशी गुलाबी सुकलेलं, खोकल्याच्या औषधासारखं.
हिवाळ्याआधी पाइपांत भरतात ते.
बाटली कधीच उचलली गेली होती
आणि हा बिचारा
तिथूनच ओढत होता, नसलेल्या बाटलीतून,
ज्याने सांगितलं त्याच्या शब्दावर.

चावी हलेना.
टॉवेल गुंडाळून पकड लावली, जीव मुठीत धरला,
प्लास्टिक म्हातारं होतं.
पाव फेरा.

आवाज आधी बदलला. खाकरणं गेलं,
खाली कुठेतरी घोट बसला.
नळ शिंकला, गुलाबी थुंकला, दुधी थुंकला,
मग पाणी.
नळ बंद केला तसा पंप थांबला.
थांबला म्हणून कळलं, बरा आहे.

"तरी मी म्हणतच होतो," डेलविन म्हणाला
आणि कॉफी विसरून गेला.

हात धुतले. काळं पाणी बराच वेळ जात राहिलं.
ड्रॉवरमध्ये पेन्सिल नव्हती, डोळ्यांची सापडली.
फळीवर लिहिलं:
*ऑक्टोबर. परत फिरवला. उशीर झाला. सोल्वेग.*

खिडकीला ब्लँकेट लावून अकराला आडवी झाले.
डोळा लागता लागता
सीटखाली ढुक्, ढुक्. दोनदाच.
एकही नळ उघडा नव्हता.

पांघरुणातूनच म्हटलं, ऐकला.
आणि साडेसहाचा गजर लावला.